तीनशे बारा हिरव्या चाचण्या

खोतबाईंचं बोट ओळीच्या मध्यावर थांबलं, दोन अक्षरं मागं गेलं आणि पुन्हा पुढं आलं.

"वृंदा, लोखंडी कढी कुठं मिळते गं?"

मी त्यांचा फोटो काढत होते. मोबाईल खाली घेतला आणि माझ्या हातातल्या साध्या छापील कागदावरची ओळ वाचली.

"कढी नाही बाई, कढई. 'आजीने चुलीवर लोखंडी कढई ठेवली.'"

"तुझ्या कागदावर असेल. माझ्या कागदावर कढी आहे." त्यांनी पान माझ्याकडं सरकवलं, जणू मला ते वाचता येणार होतं. "आणि खाली प्रश्न आहे, आजीने चुलीवर काय ठेवले? एक गुण. दहावीच्या पोरांनी काय लिहायचं?"

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा गडहिंग्लजच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होते. मालन खोत, म्हणजे खोतबाई, तिथल्या अंध मुलांच्या शाळेत ब्रेलची पुस्तकं तपासायच्या. वयाच्या चौथ्या वर्षी त्यांची दृष्टी गेली होती. शाळेच्या छपाईच्या खोलीत एक ब्रेल छापणारं यंत्र होतं, आणि त्यातून निघालेलं प्रत्येक पान अठ्ठावीस वर्षं त्यांच्या बोटाखालून गेलं होतं.

साधा मराठी मजकूर ब्रेलमध्ये बदलायला ती शाळा 'टिंबाक्षर' नावाचा प्रोग्रॅम वापरायची. तो कुण्या कंपनीचा नव्हता. कुणीही फुकट वापरावा आणि ज्याला जमेल त्यानं सुधारावा, असा तो प्रकल्प होता. आमच्या कॉलेजच्या संगणक मंडळानं त्या फेब्रुवारीत ठरवलं की विद्यार्थ्यांनी अशा प्रकल्पांना चाचण्या लिहून द्यायच्या. चाचणी म्हणजे फार काही नाही. प्रोग्रॅमला एक शब्द द्यायचा आणि त्याचं बरोबर उत्तर शेजारी लिहून ठेवायचं. पुढं कुणीही प्रोग्रॅममध्ये बदल केला की यंत्र आपोआप सगळ्या चाचण्या चालवून बघतं. उत्तर जुळलं की हिरवी खूण, नाही जुळलं की लाल. लाल खूण दिसली की तो बदल घेत नाहीत.

मी नऊ दिवसांत तीनशे बारा चाचण्या लिहिल्या होत्या. सगळ्या हिरव्या. कॉलेजात माझ्या जवळपासही कुणी नव्हतं. शनिवारी सत्काराचा कार्यक्रम होता, आणि त्यासाठी प्रोग्रॅम वापरणाऱ्या बाईंचा एक फोटो हवा म्हणून मी त्या सोमवारी शाळेत आले होते.

"अशी चूक कशी होते पण?" मी विचारलं.

"ब्रेलमध्ये काना, मात्रा, वेलांटी वेगळी नसते. अक्षरापुढं ई आली की ती त्यालाच चिकटते. क, ढ, ई असं ओळीनं लिहिलंस की कढी झालं. कढई लिहायची तर मध्ये अ घालायचा. पहिलीतल्या पोराला शिकवतो आम्ही हे." त्यांनी पान परत ओढून घेतलं. "जानेवारीतच मी टिंबाक्षरच्या मेश्रामांना सांगितलं होतं. ते म्हणाले होते, दुरुस्त करतो. अजून तसंच आहे."

"पण बाई, या प्रोग्रॅमला तीनशे बारा चाचण्या आहेत. मी लिहिल्यात. कढई हा शब्दसुद्धा आहे त्यात, आणि तो हिरवा आहे."

"बरोबर उत्तर काय लिहिलंस तू कढईचं?"

मी मोबाईलवर ती चाचणी शोधू लागले.

"तुला ब्रेल येतं?"

"नाही."

"मग उत्तरं कुणी सांगितली?"

खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता. पाठ्यपुस्तकांच्या मागच्या शब्दयाद्या मी घेतल्या होत्या. एकेक शब्द टिंबाक्षरला दिला, त्यानं जे टिंबांचे आकडे दिले ते उचलले आणि 'बरोबर उत्तर' म्हणून लिहिले. मग चाचणी चालवली. ती हिरवी होणारच होती.

खोतबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "म्हणजे पोराची उत्तरपत्रिका समोर ठेवून त्यावरून उत्तरसूची केलीस. पोराला शंभरपैकी शंभर." मग त्यांनी हात पुढं करून यंत्राच्या शेजारचा गठ्ठा चाचपला. "ही सराव पुस्तिका एकशे चाळीस पानांची आहे. सहा शाळांना जायची आहे. वीस तारखेला छपाई. एवढी पानं मी हातानं दुरुस्त करू शकत नाही."

त्या दिवशी फोटो राहून गेला.

हॉस्टेलवर येऊन मी प्रकल्पाचं पान उघडलं आणि मेश्राम हे नाव शोधलं. प्रफुल्ल मेश्राम, भंडारा. त्यांची दुरुस्ती तिथं होती, जेमतेम सहा ओळींची. खाली देवदत्त हेरेकरांचं उत्तर होतं. हेरेकर बेळगावचे, आणि सगळा प्रकल्प तेच सांभाळायचे. त्यांनी लिहिलं होतं, 'तुमच्या बदलामुळे एक्केचाळीस चाचण्या लाल होतात. बदल घेता येणार नाही.'

मेश्रामांनी परत लिहिलं होतं, 'चाचण्या चुकीच्या आहेत.'

हेरेकरांनी उत्तर दिलं होतं, 'तीनशे बारा चाचण्या एका बाजूला आणि तुम्ही एकटे एका बाजूला. मी कुणाचं ऐकावं?'

त्यापुढं मेश्रामांचं काही नव्हतं. दुरुस्ती बंद केली होती. हेरेकरांच्या शेवटच्या ओळीखाली कुणीतरी पसंतीचा अंगठा दिला होता. मी त्यावर बोट ठेवलं तेव्हा नाव दिसलं. अंगठा माझाच होता. माझ्या चाचण्यांचं कौतुक आहे एवढंच बघून, वरचं काही न वाचता मी तो दिला असणार.

दुसऱ्या दिवशी खोतबाईंकडून नंबर घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत मेश्रामांना फोन केला. ते तिथल्या एका बँकेत नोकरीला होते. मी माझं नाव सांगितलं तेव्हा पलीकडं डबा बंद केल्याचा आवाज आला.

"बोला मॅडम."

"मॅडम नको सर, मी विद्यार्थिनी आहे. त्या चाचण्या माझ्या आहेत. त्या चुकीच्या आहेत, तुमचं बरोबर होतं. मला माफी मागायची आहे."

"बरं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुम्हाला ही चूक सापडली कशी?"

"खोतबाईंनी सांगायच्या आधीच लागली होती. माझी मुलगी आहे, सई. पाच वर्षांची. तिला वाचून दाखवायला म्हणून मी एक गोष्ट छापून घेतली होती. गोष्टीतल्या मुलीला तिचंच नाव दिलं होतं. वाचायला बसलो तर पहिल्याच ओळीत 'सी' लागलं. सी नावाची मुलगी होती." ते जरासे हसले, पण ते हसणं मला ऐकवलं नाही. "मी बोटानं वाचतो. लहानपणापासून. तुम्हाला खोतबाईंनी सांगितलं नाही वाटते."

नव्हतं सांगितलं. लहानपणापासून ब्रेल वाचणारा माणूस म्हणाला होता की हे चुकीचं आहे, आणि ज्या मुलीला ब्रेलचं एक अक्षर येत नव्हतं तिच्या तीनशे बारा हिरव्या खुणांनी त्याला खोटं पाडलं होतं.

"तुम्ही हेरेकरांना हे का नाही सांगितलं? म्हणजे तुम्ही स्वतः वाचता हे?"

"का सांगावं? दुरुस्ती बरोबर आहे की नाही एवढंच बघायचं ना? त्यासाठी माझे डोळे कशाला मध्ये आणू?" मग त्यांचा आवाज कामाचा झाला. "माफीचं राहू द्या. हेरेकर शुक्रवारी संध्याकाळी ही आवृत्ती बंद करतात. खोतबाईंची पुस्तिका त्याच आवृत्तीवर छापणार. तोवर मला असे शब्द द्या ज्यांचं उत्तर तुम्ही प्रोग्रॅमला न विचारता काढलंय. मग माझी दुरुस्ती मी पुन्हा टाकतो."

मंगळवार दुपार होती. मी त्याच दुपारी हेरेकरांना फोन लावला. ते एका कारखान्यात अभियंता होते आणि हा प्रकल्प सहा वर्षं नोकरी सांभाळून चालवत होते. माणूस वाईट नव्हता. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "एक्केचाळीस काढूया. बाकीच्या दोनशे एकाहत्तर बरोबर असतील की."

"असतील सर. पण मला माहीत नाही. मी कुणालाच विचारलेलं नाही. सगळ्या काढा."

"सगळ्या?"

"सगळ्या. मी नव्या लिहून देते, खोतबाईंना विचारून."

ते म्हणाले, "हे बघा, तुम्ही अजून शिकताय. मी काय करतो, जुन्या चाचण्या गुपचूप काढून टाकतो. कारण द्यायची गरज नाही. पानावर एकदा लिहिलेलं राहतं. उद्या नोकरीच्या वेळी कुणी तुमचं नाव शोधलं तर पहिलं तेच दिसेल. कशाला?"

खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. हॉस्टेलच्या जिन्यात उभी होते. खाली मुली शनिवारच्या कार्यक्रमासाठी साड्यांचं ठरवत होत्या. हो म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. मेश्रामांना दुरुस्ती हवी होती, ती होणारच होती. खोतबाईंना पुस्तिका मिळणारच होती.

"सर, मग मेश्रामांच्या पानावर काय राहील?"

"काय राहणार? त्यांची पहिली दुरुस्ती नाकारली, एवढंच."

"आणि खाली तुमचा प्रश्न. कुणाचं ऐकावं, म्हणून."

"तो राहीलच," हेरेकर म्हणाले.

"मग मी लिहिते," मी म्हटलं.

मेश्रामांच्या त्या बंद केलेल्या दुरुस्तीखाली, हेरेकरांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी लिहिलं, 'मेश्रामांचं ऐकावं. या तीनशे बारा चाचण्या मी लिहिल्या आहेत. मला ब्रेल येत नाही. प्रोग्रॅमनं दिलेली उत्तरंच मी बरोबर म्हणून लिहिली, त्यामुळं त्याची चूक पक्की झाली आणि बरोबर दुरुस्ती नाकारली गेली. सगळ्या काढून टाकाव्यात. वृंदा मगदूम.' पाठवायचं बटण दाबलं आणि पायरीवर बसून राहिले. अर्ध्या तासानं हेरेकरांनी खाली दोन शब्द लिहिले, 'माझंही चुकलं.' आणि तीनशे बारा चाचण्या निघाल्या.

बुधवारी दुपारी मी खोतबाईंच्या समोर वही घेऊन बसले.

"शब्द सांगते, तुम्ही उत्तर सांगा. मी लिहून घेते," मी म्हटलं.

"असं नाही. मी सांगितलेलं तू चुकीचं लिहिलंस तर कुणाला कळणार? आधी वाचायला शीक."

त्यांनी ब्रेलची पाटी आणि टोचा माझ्या हातात दिला. पाटीवर उजवीकडून डावीकडं टोचत जायचं, मग कागद उलटा करायचा, म्हणजे टिंबं वर येतात आणि डावीकडून वाचता येतात. पहिल्या तासात मी क सरळ काढू शकले नाही. माझा प्रत्येक शब्द त्या बोटानं तपासायच्या आणि चुकला की कागद परत करायच्या. कुठं चुकलं ते सांगायच्या नाहीत. तिसऱ्यांदा परत आला की मी चिडायचे. त्यांना माझ्या श्वासावरून ते कळायचं.

"चिडू नको. टोच."

शब्दही त्यांनीच निवडले. माझी यादी त्यांनी ऐकली आणि बाजूला ठेवली. "कमळ, बदक, घर. यात प्रोग्रॅम कशाला चुकेल? जिथं तो घसरतो तिथं जाऊन उभं राहायचं. चटई, रजई, मऊ, नऊ, मुंबई हे घे. आणि उलटेही घे. बाई, भाऊ, जुई. इथं आधीच काना नाहीतर उकार आहे, इथं अ घालायचा नाही. नाहीतर मेश्राम एक दुरुस्त करतील आणि दुसरं मोडेल."

प्रत्येक चाचणीपुढं मी एक रकाना जोडला, 'उत्तर कुणी सांगितलं.' तो रकाना त्या प्रकल्पात अजून आहे. नवीन मुलांच्या चाचण्या आता माझ्याकडंच तपासायला येतात, आणि पहिल्या पत्रात मी दुसरं काही विचारत नाही. किती लिहिल्या हे तर कधीच नाही. कुणाला विचारून लिहिल्या, एवढंच. ज्यांचा रकाना रिकामा असतो त्यांना मी जवळच्या अंध शाळेचा पत्ता पाठवते. काहीजण परत येत नाहीत. जे येतात ते दहाच चाचण्या घेऊन येतात, पण त्या उपयोगाच्या असतात.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत आमच्या पंचावन्न झाल्या. बोटानं वाचायला मला अजून येत नव्हतं, पण डोळ्यांनी टिंबं ओळखू येत होती. हॉस्टेलवर आल्यावर वाटलं, पंचावन्न हा काय आकडा आहे, साठ तरी करू. नियम आता माहीत होता. मी आणखी पाच शब्द स्वतः केले, रकान्यात माझं नाव लिहिलं आणि साठ चाचण्या मेश्रामांना पाठवल्या.

शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"पंचावन्नांपुढं खोतबाईंचं नाव आहे. पाचांपुढं तुमचं."

"हो सर. ते मी हॉस्टेलवर केले."

"त्यातले तीन चुकलेत. देऊळ, पाऊल, हलवाई. मात्रेनंतर, कान्यानंतर अ घालून बसलात. गवई आणि मलई बरोबर आहेत."

ज्या चुकीसाठी मी जाहीर पत्र लिहिलं होतं, तीच तीन दिवसांत वेगळ्या वाटेनं परत केली होती. "मी ते तीन काढते."

"पाचही काढा."

"पण सर, दोन बरोबर आहेत ना?"

"ते मला माहीत आहे. काल रात्री तुम्हाला माहीत होतं का?"

"वाटत होतं."

"वाटत होतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "वृंदा, वाटण्यावर चाचणी लिहायची नसते. तुम्ही लिहिलेलं उद्या कुणीतरी खरं धरणार आहे. माझ्यासारखा कुणी येऊन नाही म्हणाला तर त्याला तुमचं दाखवणार आहेत." पहिल्यांदाच त्यांनी मला नावानं हाक मारली होती. "काढा. सहा वाजता मी दुरुस्ती टाकतो."

मी पाचही काढल्या. सहा वाजता कॉलेजच्या लॅबमध्ये बसून बघत होते. आधी जुन्या प्रोग्रॅमवर आमच्या पंचावन्न चाचण्या चालल्या आणि त्यातल्या तेवीस लाल झाल्या. त्या तेवीस लाल खुणा बघून मला जे समाधान वाटलं ते तीनशे बारा हिरव्यांनी कधी दिलं नव्हतं. मग मेश्रामांच्या सहा ओळी आत गेल्या. एकेक करत सगळ्या हिरव्या झाल्या. सात वाजता हेरेकरांनी आवृत्ती बंद केली आणि मेश्रामांचं नाव दुरुस्ती करणाऱ्यांत घातलं. मी खोतबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पहिली दहा पानं काढून बघते, मग सांगते." आठच्या सुमारास त्यांचा फोन आला की छपाई वीसलाच होईल.

शनिवारी सभागृह भरलं होतं. आमचे विभागप्रमुख बिद्रे सर यादी घेऊन उभे राहिले. मोहिमेतल्या प्रत्येकाचा आकडा त्या यादीत होता. प्रकल्पात टिकलेल्या चाचण्यांतून काढून टाकाव्या लागलेल्या वजा करून तो मंडळाच्या संगणकानं काढलेला होता. मी सरांना आठवड्यातलं काही सांगितलेलं नव्हतं, आणि त्यांच्या डोक्यात अजून मी पहिलीच होते. एकशे चाळीस, एकशे अठरा, शहाण्णव, असे आकडे टाळ्यांबरोबर होत गेले. सरांनी दोनदा यादी वरखाली बघितली. शेवटच्या ओळीवर आले तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"वृंदा मगदूम," ते म्हणाले आणि थांबले. मग माईकवर हात ठेवून मंडळाच्या मुलांकडं वळले. "इथं काहीतरी चुकलंय. हे नंतर बघू." त्यांनी कागद उलटा केला.

मी तिसऱ्या रांगेत होते. उठून उभी राहिले.

"सर, आकडा बरोबर आहे."

सरांनी कागद परत सुलटा केला.

"उणे आहे गं तो."

"हो सर. उणे दोनशे सत्तावन्न. वाचा."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी बसले नाही. मग त्यांनी माईकवरचा हात काढला आणि आकडा वाचला.